जुन्या ट्रॅक्टरचे दिवे आणि वायरिंग : नवं करू की आहे तेच सावरू?

बोनटखाली (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. वडिलांचा ट्रॅक्टर आहे, तीन सिलिंडरचा डिझेल, १९६० च्या आसपासचा. कित्येक वर्षं शेडमध्ये उभा होता. इंजिन, क्लच आणि हायड्रॉलिकचं काम मी पूर्ण केलं. पहिल्या सेल्फला इंजिन धरलं त्या रात्री मला झोप लागली नाही. आता उरलेत दिवे: पुढचे दोन हेडलाइट, मडगार्डवरचा नांगरणीचा दिवा आणि मागचे दोन लाल दिवे. लहानपणी रात्रीची नांगरट चालू असली की तो मडगार्डवरचा दिवा शेताच्या टोकाला जाऊन वळताना दिसायचा. त्याच्या फेऱ्या मोजून आई सांगायची, अजून किती वेळ लागेल. तो दिवा मला पुन्हा लागलेला बघायचाय.

सध्याची अवस्था अशी. वायरींवर कापडी वेष्टण आहे आणि आतलं रबर बोट लावलं की खडूसारखं चुरतं. मधल्या काळात कुणीतरी हेडलाइटची वायर बॅटरीवरून थेट ओढलीय, फ्यूज नाहीच. डॅशच्या मागे काळ्या टेपचे गोळे आहेत. अँपिअर मीटरचा काटा हलत नाही. डायनामो (इंजिनच्या पट्ट्यावर फिरून वीज बनवणारा) जागेवर आहे, कटआउटचा (चार्जिंग जोडणारा-तोडणारा) काळा डबाही आहे. आणि बॅटरीचा प्लस चक्क बॉडीला जोडलाय! आधी वाटलं कुणीतरी चुकून उलटी लावली असेल, पण बॉडीच्या केबलचं मोठं तोंड प्लसच्या जाड खांबावर अगदी बरोबर बसतं.

तर मला तुमचं मत हवंय. प्लस-मायनस बदलून घेऊ का? डायनामो काढून अल्टरनेटर बसवू का? आणि वायरिंग तुकड्यातुकड्याने दुरुस्त करू की पूर्ण नवं करू?

जुना_पाना

बॅटरी उलटी नाही, कारखान्यातूनच तशी आलेली आहे. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ब्रिटिश बनावटीच्या बऱ्याच गाड्या आणि ट्रॅक्टर पॉझिटिव्ह अर्थचे, म्हणजे प्लस बॉडीला जोडलेले असत. नंतर सगळे मायनस अर्थकडे वळले. दिव्याच्या बल्बला आणि सेल्फला कुठल्या बाजूने करंट येतो याने काही फरक पडत नाही. सेल्फमध्ये फील्ड (स्थिर गुंडाळी) आणि आर्मेचर (फिरती गुंडाळी) एकामागे एक असतात, दोन्ही एकदम उलटतात, त्यामुळे फिरण्याची दिशा तीच राहते. फरक पडतो तो डायनामोच्या चुंबकत्वाला, अँपिअर मीटरला आणि आजच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंना. तुमच्याकडे तिसऱ्या प्रकारातलं काही नसेल तर बदलायचं कारण मला दिसत नाही.

हात लावण्याआधी दोन गोष्टी. बॅटरी काढताना नेहमी आधी बॉडीची केबल सोडायची. तुमच्या ट्रॅक्टरवर ती प्लसची आहे, म्हणजे सवयीने आधी मायनसला पाना लावाल तर पान्याचं दुसरं टोक बोनटला टेकून मोठी ठिणगी पडेल. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, हे विसरू नका. दुसरी गोष्ट, एकही वायर कापू नका. जुनी वायरिंग मेलेली असली तरी तुमचा नकाशा तीच आहे. प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधा, फोटो काढा, मग पूर्ण जाळं अखंड उतरवून जमिनीवर पसरा. नवी वायर त्याच्यावर मापून कापायची.

रबर चुरत असेल तर तुकडे जोडण्याचा विचार सोडा. जिथे बोट लावलं तिथे ते चुरलं, म्हणजे जिथे बोट पोचत नाही तिथेही तीच गत आहे.

आकडेमोड

वर म्हटलंय त्याला दुजोरा. रंग शोधताना एक युक्ती करा: कापडी वेष्टणाचा रंग वरून उडालेला असतो, पण क्लिपखाली किंवा रबरी ग्रोमेटच्या आत दबलेला भाग बहुतेक वेळा शाबूत असतो. ब्रिटिश पद्धतीत रंग ठरलेले आहेत. तपकिरी म्हणजे बॅटरीची कायम जिवंत वायर, पिवळी डायनामोच्या डी टर्मिनलची, पिवळीवर हिरवी रेघ असेल तर एफ म्हणजे फील्डची. पांढरी स्विचनंतरची, हिरवी स्विच आणि फ्यूज दोन्हींनंतरची. निळी हेडलाइटच्या स्विचकडून डिपरच्या बटनाकडे जाते, तिथून निळी-पांढरी अप्परच्या झोताला आणि निळी-लाल डिपरच्या झोताला. लाल म्हणजे साइड आणि टेल लाइट. काळी बॉडीची. एकदा हे डोक्यात बसलं की टेपचे गोळे सोडवताना भीती वाटत नाही.

आता जाडी. समजा दोन हेडलाइट ४५ वॉटचे, म्हणजे ९० वॉट, १२ व्होल्टवर साडेसात अँपिअर. एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरला मीटरमागे साधारण ०.०१९ ओहम रोध असतो. बॅटरीपासून स्विच, डिपर करत दिव्यापर्यंत चार मीटर धरले तर ०.५७ व्होल्ट वाटेतच जातात. तीच वायर अडीच चौरस मिलिमीटरची घेतली तर पाव व्होल्टच्या आत काम होतं. हा हिशेब क्षुल्लक वाटेल, पण तारेच्या बल्बचा उजेड दाबाच्या (व्होल्टच्या) जवळजवळ ३.४ व्या घाताने बदलतो. दाब १० टक्के घटला की उजेड ३० टक्के गेला. म्हणून मुख्य वायरी जाडच घ्या.

रात्रपाळी

मी थोडं वेगळं सांगतो. दिवे खरोखर रात्री कामाला वापरणार असाल तर अल्टरनेटर लावा. डायनामो इंजिन हळू चालत असताना चार्जच करत नाही. नांगरणीत ठीक, पण ट्रॉली भरताना, आडवंतिडवं फिरवताना इंजिन मंद असतं आणि दिवे सगळे बॅटरीवर. दोन तासांत बॅटरी उतरते. माझ्या ट्रॅक्टरवर मी मायनस अर्थ केलं, अल्टरनेटर बसवला आणि तेव्हापासून त्याकडे बघावं लागलेलं नाही. बाहेरून फारसं कळतही नाही.

जुना_पाना

रात्रपाळी, तुमच्या कामाला तेच योग्य आहे, मान्य. पण धागाकर्त्यांचा हिशेब करून बघू. हेडलाइट ३६ वॉटचे दोन, मागचे लाल ५ वॉटचे दोन, डॅशचा एक छोटा २ वॉटचा. ८४ वॉट, म्हणजे सात अँपिअर. नांगरणीचा ४८ वॉटचा दिवा लावला तर आणखी चार. अकरा अँपिअर. लुकास या ब्रिटिश कंपनीचा सी-४० डायनामो २२ अँपिअरचा, त्याच्या आधीचा सी-३९ एकोणीसचा. कामाच्या वेगात निम्मी ताकद शिल्लक राहते आणि त्यात बॅटरीही भरते. ज्या कामासाठी तो बनवला, ते काम तो आजही करतो. ट्रॅक्टरवरचा चालू डायनामो काढायचा म्हणजे जुन्या घराचा सागवानी दरवाजा काढण्यासारखं आहे. आधी तपासा, मग ठरवा.

बोनटखाली

रात्रपाळी, तुमचं म्हणणं पटतं, पण माझ्याकडून रोजचं रात्रीचं काम होणार नाही. डायनामो आणि पॉझिटिव्ह अर्थ दोन्ही ठेवतो. जुना_पाना, तपासायचा कसा ते सांगा.

जुना_पाना

डायनामोच्या दोन्ही वायरी काढा. आधी पट्टा बघा, अंगठ्याने दाबला की साधारण अर्धा इंच दबावा. आता मल्टिमीटर डीसीवर ठेवून एक काडी मोठ्या टर्मिनलला म्हणजे डी ला, दुसरी डायनामोच्या अंगाला. इंजिन मंद चालू करा. दीड ते तीन व्होल्ट दिसले पाहिजेत. लोखंडात उरलेल्या चुंबकत्वावर येतात ते.

मग डी आणि एफ एका छोट्या तारेने जोडा, मीटर त्या जोडावर आणि बॉडीवर. इंजिनचा वेग अगदी हळू वाढवा. काटा भराभर आणि न थरथरता चढला पाहिजे. वीस व्होल्टच्या वर जाऊ देऊ नका आणि चाचणी पटकन आटपा. काहीच आलं नाही तर कार्बन (आर्मेचरच्या तांब्याच्या पट्ट्यांवर, म्हणजे कम्युटेटरवर, घासणारे ब्रश) बघा. अर्धा-एक व्होल्टवर अडकला तर फील्ड कॉइल गेली. चार-पाच व्होल्टवर थांबला तर आर्मेचर. फील्डचा रोध थेटही मोजता येतो, एफ आणि बॉडीमध्ये साधारण सहा ओहम.

बोनटखाली

करून बघितलं. डी वर शून्य, दोन्ही जोडून शून्य. डायनामो उतरवून मागचं झाकण काढलं. एक कार्बन त्याच्या घरात गच्च बसलेला, कम्युटेटरला टेकतच नव्हता. पेट्रोलच्या फडक्याने घर साफ केलं, कार्बनची बाजू बारीक पॉलिश पेपरवर एकदा फिरवली, आता तो स्प्रिंगवर सहज सरकतो. कम्युटेटर काळा पडलाय. त्याला काय वापरू? फील्डचा रोध ६.२ ओहम आला.

जुना_पाना

६.२ उत्तम. कम्युटेटरला काचेचा बारीक पेपर, एमरी नको. एमरीचे कण फटींत बसून दोन पट्ट्या एकमेकींना जोडतात. तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक तांब्याच्या पातळीखाली असला पाहिजे. वर आला असेल तर हॅकसॉच्या पात्याच्या तुकड्याने अर्धा-पाऊण मिलिमीटर खाली खरवडा. मागच्या बुशला तेलाचे दोनच थेंब, जास्त नको, नाहीतर ते तेल कार्बनवर येतं.

बसवल्यावर डी वर अजूनही शून्य आलं तर घाबरू नका. इतकी वर्षं पडून राहिल्याने चुंबकत्व गेलेलं असू शकतं. डी आणि एफ च्या वायरी काढलेल्या असताना बॅटरीच्या जिवंत टोकावरून, तुमच्याकडे ते मायनस, एक तार घेऊन एफ ला दोन-तीनदा क्षणभर टेकवा. छोटी ठिणगी पडेल. झालं पोलराइज, म्हणजे चुंबकत्व योग्य दिशेने परत आलं. प्लस-मायनस बदलणाऱ्यांनीही हेच करायचं असतं, आणि नेमकं तेच राहून जातं.

आकडेमोड

एक महत्त्वाची भर. ही पद्धत ब्रिटिश धर्तीच्या डायनामोला लागू, ज्यात फील्डचं दुसरं टोक आत बॉडीला असतं. अमेरिकन बनावटीच्या बऱ्याच जनरेटरांत रेग्युलेटर फील्डला बॉडीच्या बाजूने नियंत्रित करतो. तिथे रेग्युलेटरवरची बॅटरीची आणि आर्मेचरची टर्मिनलं क्षणभर जोडतात. कुणी हा धागा वाचून आपल्या वेगळ्या ट्रॅक्टरवर एफ ला बॅटरी लावू नये.

बोनटखाली

डी वर खरंच शून्य होतं. तार टेकवली, ठिणगी पडली, इंजिन चालू केलं आणि मीटरवर २.१! दोन्ही जोडले तर काटा एका झेपेत अठरावर. मी शेडमध्ये एकटाच होतो आणि मोठ्याने ओरडलो.

कटआउटचा डबा उघडू का? झाकणाखाली दोन गुंडाळ्या दिसतात.

जुना_पाना

उघडा, पण स्क्रूला हात लावू नका. एक गुंडाळी खरी कटआउट. डायनामोचा दाब बॅटरीच्या वर गेला की, साधारण तेरा व्होल्टला, तिचा बिंदू (संपर्काचं टोक) जुळतो आणि चार्जिंग सुरू होतं. दाब खाली आला की सुटतो. तो सुटला नाही तर बॅटरीच डायनामोला मोटरसारखी फिरवायला बघेल आणि वायरी जळतील. दुसरी गुंडाळी रेग्युलेटरची, ती फील्डचा करंट सेकंदाला कितीतरी वेळा तोडत-जोडत राहते. बिंदूंवर काळा थर असेल तर साध्या कागदाची पट्टी त्यात ठेवून ओढा, तेवढं पुरतं. आणि डब्याचं ई टर्मिनल बॉडीला नीट जोडलेलं आहे ना, ते बघा. ते सुटलं तर रेग्युलेटरला दाब कळतच नाही आणि डायनामो बेलगाम चार्ज करतो.

शिकतोय_अजून

मध्येच विचारतो, क्षमस्व. माझ्याकडे पेट्रोलवर चालणारा जुना ट्रॅक्टर आहे, मॅग्नेटोवर चालतो, दिवे ६ व्होल्टचे. सगळे सांगतात १२ कर. करू का? आणि इंजिन बंद करायच्या बटनाला बॅटरीची वायर द्यायची असते का?

जुना_पाना

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: अजिबात नाही. मॅग्नेटो स्वतःची वीज स्वतः तयार करतो, बॅटरीशी त्याचा संबंध नाही. बंद करायची वायर फक्त बॉडीला टेकवायची असते. तिच्यावर बॅटरी दिलीत तर मॅग्नेटोची कॉइल आणि चुंबक दोन्ही धोक्यात.

आकडेमोड

६ व्होल्टबद्दल. ३६ वॉटचा बल्ब १२ व्होल्टवर ३ अँपिअर घेतो, ६ व्होल्टवर ६. तीच वायर असेल तर वाटेत जाणारे व्होल्ट दुप्पट, आणि मुळात निम्मेच व्होल्ट असल्याने टक्केवारीत नुकसान चौपट. म्हणून ६ व्होल्टचे ट्रॅक्टर मंद दिव्यांसाठी बदनाम झाले. पण नव्या जाड वायरी, घासून चकचकीत केलेले जोड आणि जाड बॅटरी केबल दिली तर ते चांगले लागतात. खूप जणांनी १२ व्होल्टच्या बारीक केबल ६ व्होल्टवर लावलेल्या असतात आणि मग सेल्फ फिरत नाही म्हणून व्होल्टेज बदलतात. आधी केबल बघा. १२ केलंतच तर सगळे बल्ब बदलायचे, एकही ६ चा विसरलात तर लागताक्षणी उडेल.

रात्रपाळी

सेल्फचा विषय निघालाय तर हे सांगायलाच हवं. सेल्फच्या दोन बोल्टांना स्क्रूड्रायव्हर लावून इंजिन चालू करायची सवय ज्यांना आहे, त्यांनी ती आज सोडा. ट्रॅक्टर गिअरमध्ये असला तर इंजिन धरताच तो चालू लागतो, आणि तुम्ही नेमके मागच्या चाकापुढे उभे असता. जुन्या ट्रॅक्टरांना ही काळजी होती. फर्ग्युसनच्या टीई-२० ला, १९४६ ते १९५६ चा, सेल्फ मारायला गिअरचा दांडाच एस वर न्यावा लागतो, म्हणजे गिअर पडलेला असताना सेल्फ फिरणारच नाही. वायरिंग नवं करताना सेफ्टी स्विच (गिअरमध्ये असताना सेल्फ अडवणारा) थेट जोडून टाकू नका. तो पुन्हा चालू करा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

बोनटखाली

माझ्याकडे तो स्विच कुणीतरी थेट जोडलेलाच होता. आज सोडवला. धन्यवाद.

काचेपलीकडे

माझा विषय आला म्हणून बोलतो. हेडलाइट उघडताना घाई करू नका. रिंग गंजून बसलेली असते. गंजात शिरणारं तेल लावून एक रात्र थांबा. आतला परावर्तक दोन प्रकारचा असतो. जुने पितळेवर चांदीचा मुलामा दिलेले, नंतरचे अ‍ॅल्युमिनियमची अतिशय पातळ वाफ बसवलेले. चांदीचा पिवळसर-काळा पडतो आणि मऊ कापसाने, आतून बाहेरच्या दिशेने, फार हलक्या हाताने उजळता येतो. अ‍ॅल्युमिनियमच्याला बोटही लावू नका. धूळ फुंकून उडवा, फार तर डिस्टिल्ड वॉटरने धुवा. पॉलिश लावलंत तर एका फेरीत खालचं लोखंड दिसेल. मी हे एकदा केलंय आणि तो परावर्तक पुन्हा मिळाला नाही.

काच बसवताना तिच्यावरच्या उभ्या रेघा सरळ राहतील हे बघा, बऱ्याच काचांवर वरची बाजू लिहिलेली असते. गॅस्केट नवं टाका. खाली पाणी जायचं भोक असतं, रंगाने बुजलेलं असेल तर उघडा. आतलं बाष्प बाहेर पडलं नाही तर परावर्तक दोन पावसाळ्यांत जातो.

बल्बांबद्दल: मागच्या दिव्यात टेल आणि ब्रेक एकत्र असेल तर २१/५ वॉटचा बल्ब लागतो, त्याच्या दोन पिना मुद्दाम वरखाली असतात, म्हणजे उलटा बसूच नये. समोरासमोर पिना असलेला बल्ब जबरदस्तीने बसवलेले होल्डर मी पुष्कळ बघितलेत. आणि ५५/६० वॉटचा हॅलोजन जुन्या परावर्तकात घालू नका, दोन मिळून दहा अँपिअर ओढतात आणि उष्णतेने मुलामा जातो.

बोनटखाली

तीन आठवड्यांनी आलोय. नवी वायरिंग पूर्ण झाली. मुख्य वायरी अडीच चौरस मिलिमीटरच्या, बाकीच्या एकच्या, वरून काळं कापडी वेष्टण. चार फ्यूजांचा डबा डॅशच्या मागे. परावर्तक चांदीचे निघाले आणि छान उजळले. दोन्ही हेडलाइटचे डबे, त्यांचे ब्रॅकेट, बोनटचं नाक, मडगार्ड, सगळं खरवडून प्रायमर आणि दोन हात रंग दिलाय.

आणि दिवे लागले, पण मंद. पिवळे, थकलेले. डिपर दिला तर उजवीकडच्या दिव्यात अप्परची तारही अंधुक तापते. मागचे लाल दिवे चालू केले की पुढचे किंचित मिणमिणतात. वायरी तीनदा तपासल्या, एकही चुकीची नाही. स्विच नवा आहे. खरं सांगतो, फार निराश झालोय.

आकडेमोड

निराश होऊ नका, उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे. पण आधी मोजून घ्या. हेडलाइट चालू ठेवा. मीटरची एक काडी बॅटरीच्या मायनस खांबावर, दुसरी हेडलाइटच्या होल्डरमधल्या जिवंत संपर्कावर: येईल तो आकडा जाणाऱ्या वाटेवर हरवलेला दाब. मग एक काडी बॅटरीच्या प्लस खांबावर, दुसरी होल्डरच्या पितळी कवचावर: तो परतीच्या वाटेवरचा. खांबावर म्हणजे शिशाच्या खांबावरच, केबलच्या तोंडावर नव्हे.

बोनटखाली

बॅटरी १२.४. जाणाऱ्या वाटेवर ०.५. परतीच्या वाटेवर २.३!

आकडेमोड

म्हणजे बल्बला ९.६ च मिळतायत. तुम्ही वायर मोजून मापून टाकलीत, पण जितका करंट दिव्यात जातो तितकाच परत यायला हवा, आणि तो येतो डबा, ब्रॅकेट, बोनटचं नाक अशा चार-पाच बोल्टेड जोडांतून. त्या प्रत्येक जोडात आता प्रायमर आणि दोन हात रंग आहे. करंट बोल्टच्या आट्यांतून कसाबसा वाट काढतोय. आणि जिथे सरळ वाट मिळत नाही तिथे तो दुसऱ्या तारेतून, शेजारच्या बल्बमधून परत जायला बघतो. डिपरवर अप्परची तार तापते ती याच कारणाने. जुना ट्रॅक्टर रंगवल्यावर दिवे मंद झाले अशी तक्रार आली की मी आधी हाच दाब मोजायला सांगतो.

जुना_पाना

रंग खरवडू नका, इतक्या मायेने दिलाय. प्रत्येक दिव्याच्या होल्डरपासून वेगळी काळी वायर काढा, जिवंत वायरीइतकीच जाड, आणि सगळ्या एका ठिकाणी आणा. ती जागा बोनटवर नको, गिअरबॉक्सच्या ओतीव घरावर हवी, जिथे बॅटरीची बॉडी केबल जोडलीय तिथेच. तिथला रंग पितळी ब्रशने काढून, लग लावून, वरून व्हॅसलीन. मडगार्डवरच्या दिव्यालाही हेच.

बोनटखाली

केलं. जाणाऱ्या वाटेवर ०.६, परतीच्या वाटेवर ०.१. बल्बला ११.७ व्होल्ट. काल संध्याकाळी दिवे लावले तर शेडची मागची भिंत पांढरी झाली!

आकडेमोड

९.६ वरून ११.७. उजेड जवळजवळ दुप्पट झाला. एक पैचीही नवी वस्तू न बदलता. जाणाऱ्या वाटेवर थोडं वाढलं कारण आता करंट पूर्ण वाहतोय.

रात्रपाळी

अभिनंदन! फ्यूज किती अँपिअरचे टाकलेत? जुन्या ब्रिटिश काचेच्या फ्यूजवर ३५ लिहिलेलं असतं, तो आकडा वितळण्याचा आहे. सतत वाहायला तो १७ चाच. पातीच्या फ्यूजवर लिहिलेला आकडा सतत वाहण्याचा असतो. ३५ च्या जागी ३५ ची पाती टाकली तर फ्यूजच्या आधी वायर जळेल.

बोनटखाली

हे माहीत नव्हतं. डबा पातीच्या फ्यूजांचा आहे आणि मी एका ठिकाणी ३० टाकला होता. आता हेडलाइटला १५, बाकीला १०.

काचेपलीकडे

टोकं झाळलीत की दाबून बसवलीत?

बोनटखाली

दाबून, चांगल्या चिमट्याने. झाळलेली वायर कथिल संपतं त्या जागी कडक होते आणि थरथरीने तिथेच तुटते असं वाचलं होतं.

जुना_पाना

मी अजूनही झाळतो आणि माझे जोड तुटत नाहीत, कारण टोकापासून दोन बोटांवर क्लिप देतो. वायर लोंबली नाही पाहिजे, एवढंच खरं. साध्या पकडीने चेपलेली थिंबल (वायरच्या टोकाची टोपी) मात्र दोन्हींहून वाईट.

शिकतोय_अजून

मी माझ्या ६ व्होल्टच्या ट्रॅक्टरवर परतीचा दाब मोजला, १.४ आला. काळ्या वायरी टाकल्या. १२ करायचं रद्द!

रात्रपाळी

बोनटखाली, एक सावधगिरी. पुढेमागे दुसऱ्या गाडीवरून बॅटरीला जोर द्यायची वेळ आली तर प्लसला प्लस आणि मायनसला मायनसच, पण दोन्ही गाड्यांची अंगं एकमेकांना टेकता कामा नयेत. मधे साखळी किंवा हूक अडकवलेला असेल तरी थेट शॉर्ट. आणि मोबाइल चार्ज करायचं सॉकेट बसवू नका, त्याचं बाहेरचं कवच मायनस असतं, तुमची बॉडी प्लस.

बोनटखाली

बॅटरीच्या पेटीच्या झाकणावर आतून मोठ्या अक्षरांत रंगवून ठेवलंय: प्लस बॉडीला. नवीन नकाशा लॅमिनेट करून अवजारांच्या पेटीत.

आज दिवे सपाट जागी साडेसात मीटरवरच्या भिंतीवर जुळवले. डिपरच्या झोताची वरची कड दिव्याच्या मध्याच्या उंचीपेक्षा दहा सेंटिमीटर खाली ठेवली. मग नांगरणीचा दिवा मागे वळवला. दिवे सगळे चालू, इंजिन कामाच्या वेगात, अँपिअर मीटरचा काटा चार अँपिअर चार्जिंगच्या बाजूला. आईला बाहेर बोलावलं. ट्रॅक्टर शेताच्या टोकापर्यंत नेला, वळवला, परत आणला. ती ओट्यावर उभी होती. म्हणाली, अजून एक फेरी मार.

एकच काम उरलंय, ट्रॉलीसाठी सात पिनांचं सॉकेट. कुठली पिन कशाची?

आकडेमोड

एक डावा इंडिकेटर, पिवळी वायर. दोन मागचा फॉग, निळी. तीन बॉडी, पांढरी. चार उजवा इंडिकेटर, हिरवी. पाच उजवा टेल, तपकिरी. सहा ब्रेक, लाल. सात डावा टेल, काळी. लक्षात ठेवा, इथे काळी वायर बॉडीची नाही. तीन नंबरची पांढरी थेट गिअरबॉक्सवरच्या त्याच बोल्टावर आणा, हूकच्या भरवशावर ठेवू नका. आणि तुमचा ट्रॅक्टर पॉझिटिव्ह अर्थ असल्याने ट्रॉलीवर एलईडी दिवे असतील तर ते लागणार नाहीत, ट्रॉलीलाही साधे बल्बच ठेवा.